गंज कॅलेंडर पाहत नाही

इमारत कोसळली की आपल्याकडे ठरलेले वाक्य येते: "जुनी झाली होती." ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्यावर पडलेली इमारत जुनी नव्हती. काही आठवड्यांत सात मजले चढवले होते आणि काम अजून सुरूच होते. ७४ माणसे गेली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन पडली, १६ जण गेले. तीही तीस वर्षांची नव्हती. महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६५ अ मात्र सांगते, तीस वर्षे झाली की स्ट्रक्चरल ऑडिट करा.

माझा आक्षेप या तीस वर्षांच्या हिशेबाला आहे. आरसीसीचे आयुष्य आतल्या सळईवर ठरते. ओल, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि क्षार आत शिरले की सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. बाहेर तडा दिसतो तेव्हा आजार जुना झालेला असतो. गोव्यातला मांडवी पूल १९८६ मध्ये पडला, तो पोलादी केबल गंजल्यामुळे. त्याला वीस वर्षेही झाली नव्हती.

ऑडिट झाले म्हणजे सुटलो, असेही नाही. मुंबईच्या सीएसएमटीजवळच्या पादचारी पुलाचे ऑडिट झाले होते आणि त्यात किरकोळ दुरुस्ती सुचवली होती. १४ मार्च २०१९ रोजी तो पडला, सात जण गेले.

आतला आजार मोजता येतो. स्लॅब किंवा कॉलम ओततानाच सळईजवळ सेन्सर बसवला, तर तो ओलावा आणि सळईचा विद्युतदाब मोजत राहतो. गंजाची चाहूल तडा जाण्याआधी लागते. तापमानाच्या सेन्सरवरून स्लॅब किती पक्का झाला आणि सेंट्रिंग कधी काढावे, याचा अंदाज येतो. जुन्या इमारतीतही भोक पाडून काही सेन्सर बसवता येतात.

"हे समुद्रावरच्या पुलांसाठी, गुंठेवारीसाठी नाही," असे म्हणणाऱ्यांना विचारा, का नाही? आरसीसीच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नको, असे आयएस ४५६ सांगते. आपल्या मोहल्ल्यात बोअरच्या पाण्याने स्लॅब ओतताना ते पाणी कोणी तपासले? स्मार्ट सिटीच्या पैशांतून औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चौकाचौकांत कॅमेरे लागले. रस्त्यावरच्या माणसावर नजर ठेवायला पैसा आहे, त्याच्या डोक्यावरच्या स्लॅबसाठी नाही.

सेन्सर म्हणजे तावीज नव्हे, हेही लक्षात ठेवा. खराब माल आणि चोरलेले सिमेंट तो सुधारत नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो: आकडा कोणी पाहतच नसेल तर सेन्सर ही भिंतीत पुरलेली वायर आहे. आकडा फक्त कंत्राटदार पाहत असेल तर ते त्याहून वाईट. म्हणून मागणी स्पष्ट हवी. नव्या सरकारी शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या आणि उड्डाणपूल यांत सेन्सर बसवा. त्यांचे आकडे लोकांसाठी खुले ठेवा. धोक्याची पातळी ओलांडली की किती दिवसांत कोणता अधिकारी कारवाई करणार, हे आधीच लिहून द्या.

याच शहरात सतराव्या शतकात मलिक अंबरने नहर बांधली. पाणी जमिनीखालून आणले, पण हवा आणि दाब मोकळा करायला वाटेवर मनोरे ठेवले. जे पुरायचे त्याच्याकडे लक्ष ठेवायची सोयही बांधतानाच करायची असते, हे त्या कारागिरांना कळत होते.

आता सुरुवात आपणच करू. वॉर्डातल्या शाळेचे आणि टाकीचे शेवटचे ऑडिट कधी झाले, ते माहिती अधिकारात विचारा, अहवालाची प्रत मागा. मोहल्ल्यात मशिदीचा, मदरशाचा किंवा शादीखान्याचा पुढचा स्लॅब पडेल तेव्हा चंदा मोजणाऱ्या कमिटीसमोर गल्लीतले इंजिनिअरिंगचे दोन विद्यार्थी उभे राहू द्या. पाण्याचा रिपोर्ट दाखवा, क्यूब टेस्ट दाखवा, सेन्सर कुठे बसवणार ते सांगा, असे त्यांनी विचारावे. उत्तर मिळेपर्यंत मिक्सर सुरू होऊ देऊ नये.