सव्वा महिन्याची सोबत

वसुबारसेच्या संध्याकाळी गावच्या गोठ्यात पूजा असायची. आम्हा मुलांचा सगळा जीव वासरात. त्याच्या मऊ कपाळाला कुंकू लावायला आम्ही धावायचो आणि आजी आमचा हात धरायची. "आधी तिला," ती म्हणायची. मग गाईच्या पायांवर पाणी, कपाळाला हळदकुंकू, पाठीवरून फिरणारा आजीचा हात, आणि त्यानंतर वासरू. आपली दिवाळी अशी आईपासून सुरू होते. यंदाचा अंक तुमच्या हाती देताना आजीचे ते दोन शब्द सारखे आठवताहेत, कारण यंदाचा विशेष विभाग आई होणाऱ्या बाईच्या मनासाठी आहे. बाळासाठी नाही, तिच्यासाठी.

माझं पहिलं बाळंतपण शहरातल्या एका इस्पितळात झालं. कळा वाढल्या तसं मला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. आई बाहेर बाकावर बसून राहिली. सोबत कुणी चालणार नाही, असा तिथला नियम होता. डॉक्टर कुशल होत्या, बाळ सुखरूप झालं, आणि त्यांचं ते ऋण मी विसरलेले नाही. पण त्या रात्रीतलं मला सगळ्यांत स्पष्ट काय आठवतं, तर रात्रपाळीच्या आयाबाईंचा खरखरीत तळहात. त्यांनी माझे घामेजलेले केस मागे सारले आणि म्हणाल्या, "माझ्याकडं बघ बाय. मी हाय इथं." त्यांचं नावही विचारायचं राहून गेलं.

बाराव्या दिवशी बारसं. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचा वास, बायकांची लगबग. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून रडत होते आणि कशासाठी रडतेय ते मलाच कळत नव्हतं. "आई झालीस ना आता? रडू नये, दूध आटतं," नात्यातल्या एकीनं समजावलं. तिनं ते मायेनंच सांगितलं. त्या दिवसापासून मी न्हाणीघरात, नळ सोडून रडायला लागले.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात असं रडू येणं अगदी सर्रास असतं आणि बहुतेकींचं ते दोनेक आठवड्यांत ओसरतं. ज्यांचं ओसरत नाही, बाळ झोपलं तरी ज्यांचा डोळा लागत नाही, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, जीव नकोसा होतो, त्यांना आजार झालेला असतो. तो बरा होणारा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०१७ साली भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यात या आजाराचं, म्हणजे बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं, प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. त्याआधी, २००२ साली, आपल्या शेजारच्या गोव्यातल्या बाळंतिणींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्के जणी नैराश्यात होत्या. त्यामागे गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली हेही होतं. शेवटचं कारण वाचताना मी बराच वेळ पान उलटू शकले नाही. 'पहिली बेटी धनाची पेटी' असं म्हणताना आपला आवाज किती पडलेला असतो, हे त्या खाटेवरच्या बाईला बरोबर ऐकू येतं.

आपल्याकडे या काळासाठी काहीच नव्हतं असं नाही. सातव्या महिन्याचं डोहाळजेवण, माहेरचं बाळंतपण, हळिवाचे आणि डिंकाचे लाडू, बाजेखालची शेगडी, रोज मालीश करून न्हाऊ घालणारी बाई. पाचवीची रात्र तर मला फार जवळची वाटते. पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिणार म्हणून घरातल्या बायकांनी जागायचं. कुणी तिला श्रद्धा म्हणेल, कुणी भाबडेपणा. पण त्या रात्री बाळंतीण एकटी नसायची. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असं आपण म्हणत आलो. नव्यानं जन्मलेल्या त्या बाईपाशीही कुणी जागं राहायला हवं, हे त्या रात्रीला ठाऊक होतं.

तरी जुन्याचे गोडवे मी गाणार नाही. त्याच घरांत विटाळ होता, कोंदट अंधारी खोली होती, आणि बाळंतपणात बायका मरत होत्या. इस्पितळांनी जीव वाचवले. मात्र अंधाऱ्या खोलीबरोबर उशाशी बसणारी बाईही आपण घालवली. दोघींना एकाच वेळी निरोप द्यायची काही गरज नव्हती.

आणि सोबत ही काही हळवी चैन नव्हे. प्रसूतीच्या वेळी सतत कुणी जवळ असण्याचा काय परिणाम होतो, यावर १७ देशांतल्या २६ अभ्यासांचा आढावा २०१७ साली निघाला. पंधरा हजारांहून जास्त बाया त्यात होत्या. सोबत असलेल्यांच्या कळांचा काळ कमी झाला, सिझेरियन कमी झाली. आपल्या केंद्र सरकारनंही २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीणीला परवानगी दिली. नियम आहे, पण दार अजून किती ठिकाणी लोटलेलंच असतं! हे दार आपण मागणी करून उघडून घ्यायला हवं.

गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं केलेलं काम मला म्हणूनच मोलाचं वाटतं. त्यांनी त्याच वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या साध्या बायकांना शिकवून तयार केलं आणि नैराश्यातल्या गर्भवतींकडे सखी म्हणून पाठवलं. ऐकायचं कसं, तिच्याबरोबर छोटीछोटी पावलं कशी टाकायची, एवढं त्या शिकल्या. २०१९ साली निष्कर्ष आले तेव्हा नैराश्यातून बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. आपल्या आशाताई तर आजही इस्पितळातून घरी आलेल्या बाळंतिणीकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. बाळाचं वजन करतात, ताप पाहतात. याच सहा भेटींत 'तुला कसं वाटतंय?' हा प्रश्न बसवता येईल. त्यासाठी आशाताईंना शिक्षण हवं, वेळ हवा आणि त्या वेळेचा मोबदलाही हवा. ज्या घरी आज रात्रीच आधार हवा आहे, त्यांच्यासाठी १४४१६ हा 'टेली मानस'चा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

अंक छपाईला जाण्याआधीच्या आठवड्यात आमच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरची मुलगी बाळ घेऊन घरी आली. माहेर वऱ्हाडात, आई महिनाभर राहून परतलेली. मी हळिवाचे लाडू घेऊन गेले. दारातच तिनं सवयीनं बाळ माझ्यापुढे धरलं. मी त्याला घेतलं, पाळण्यात ठेवलं आणि तिला म्हटलं, "तू बस. तू जेवलीस का?"

ती बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "काकू, एक विचारू? मला याची भीती वाटते. असं होतं का कुणाला?"

"मला झालं होतं," मी म्हटलं.

घरी टेबलावर शेवटची प्रुफं पडली होती आणि मुद्रकाचे दोन फोन येऊन गेले होते. ती बोलत होती. मी फोन पालथा घातला आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.