तिन्हीसांजेची राखण आणि दुर्बिणीची निवड

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या भागांतील तरुण शेतकर्‍यांच्या हातीं एक नवी वस्तु दिसूं लागली आहे. छर्‍याच्या बंदुकीवर बसविण्याची ती नळीसारखी दुर्बीण होय. दुकानदार तिला ‘स्कोप’ म्हणतात. ती घरबसल्या मागवितां येते, किंमत दोन-चार हजारांच्या आंतबाहेर असते, आणि अंधुक उजेडांत लहान शिकार साधण्यास तिच्यासारखें साधन नाहीं असें विकणारे सांगतात. भुईमूग, हरभरा, मका यांची रातोरात झालेली नासाडी पाहून पोळलेल्या मनुष्यास असल्या वस्तूची भुरळ पडावी यांत नवल नाहीं. परंतु आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, ज्यास संध्याकाळीं व पहाटे पिकाची राखण करावयाची आहे, त्यानें आपला पैसा बंदुकीवरच्या दुर्बिणींत घालूं नये. त्यांत थोडी भर घालून दोन्ही डोळ्यांनीं पाहण्याची साधी हातदुर्बीण घ्यावी.

बंदुकीवरच्या दुर्बिणीचीं जाहिरातपत्रें मुळांत आपल्या शेतकर्‍यासाठीं लिहिलेलींच नसतात. इंग्लंडांत ससे पिकांचें व कुरणांचें नुकसान करितात, म्हणून तेथील पार्लमेंटानें १८८० सालीं कायदा करून जमीन कसणार्‍या कुळास आपल्या कब्जांतील जमिनीवरचे ससे मारण्याचा हक्क दिला, आणि कोणत्याहि करारानें तो हक्क कुळाकडून काढून घेतां येणार नाहीं असें ठरविलें. तेथें ‘पॉइंट टू टू’ रायफल व तिच्यावरची चौपट दुर्बीण हें अनेक ठिकाणीं शेतीचेंच अवजार होऊन बसलें आहे. आपल्याकडील स्थिति अगदीं निराळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं ससा, तितर, लावा हीं सर्व संरक्षित आहेत. त्यांची शिकार, मग ती स्वतःच्या बांधाच्या आंत कां असेना, गुन्हा आहे. रानडुक्कर किंवा रोही उभ्या पिकाची नासाडी करीत असेल तर त्याच कायद्याच्या अकराव्या कलमान्वयें अधिकृत अधिकार्‍याच्या लेखी परवानगीनें त्यास मारतां येतें. तो कागद हातीं असल्यावांचून नव्हे. शिवाय परवानगी मिळाली तरी छर्‍याच्या बंदुकीनें रानडुक्कर मरत नाहीं. तें जखमी होऊन उसांत शिरतें, आणि दुसर्‍या दिवशीं तोडीस गेलेल्या बायामाणसांच्या अंगावर येतें. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत पीकसंरक्षणासाठीं म्हणून जिचा नांव घेऊन उल्लेख आहे ती बंदूक ठासणीची आहे, आणि ठासणीच्या बंदुकीवर दुर्बीण बसवूं पाहणारा मनुष्य अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं. तेव्हां कायदा पाळणार्‍या शेतकर्‍याच्या घरीं ही स्कोप निशाणबाजीच्या खेळापलीकडे कोठें उपयोगी पडेल, तें आम्हांस समजत नाहीं.

मग दुर्बीण घ्यावयाचीच नाहीं काय? तसें मुळींच नव्हे. राखण करणारास हत्याराइतकीच, किंबहुना अधिक, नजरेची गरज आहे. फक्त ती नजर विकत घेतांना थोडा हिशेब करावा लागतो.

प्रत्येक दुर्बिणीवर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ८×४२. पहिला आकडा वस्तु किती पट जवळ दिसेल तो, व दुसरा पुढील भिंगाचा मिलिमीटरांतील व्यास. दुसर्‍यास पहिल्यानें भागिलें असतां जो भागाकार येतो, तितक्या मिलिमीटरांची उजेडाची चकती डोळ्याकडील भिंगांतून बाहेर पडते. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आभाळाकडे रोखली म्हणजे ही चकती प्रत्यक्ष दिसते. ८×४२ ची चकती सव्वापांच मिलिमीटर, १०×५० ची पांच, ७×५० ची सातांहून किंचित् अधिक, आणि २०×५० ची केवळ अडीच. इकडे आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हांत दोन-तीन मिलिमीटर असते ती अंधारांत तरुण माणसाची सुमारें सातांपर्यंत फाकते. पन्नाशी उलटलेल्याची बहुधा पांचांच्या आसपासच अडते. चकती बाहुलीहून लहान असेल तर चित्र काळवंडतें, आणि मोठी असेल तर जादा उजेड बाहुलीबाहेर पडून फुकट जातो. म्हणून ज्या घरीं पंचविशीचा मुलगा जागलीस जातो तेथें ७×५० ची किंमत वसूल होते. ज्या घरीं आमच्यासारखा म्हातारपणाकडे झुकलेला मनुष्य माळ्यावर बसतो तेथें ८×४२ पुरे, आणि तिचें ओझेंहि मानेस कमी होतें.

या एका भागाकारानें बाजारांतील निम्मी फसवणूक उघडी पडते. वीसपट, तीसपट अशा मोठ्या आकड्यांचा गाहकावर प्रभाव पडतो हें दुकानदारास पुरें ठाऊक असतें. पण तिन्हीसांजेस ती वीसपट दुर्बीण डोळ्यास लावा, म्हणजे समोर काळोखाशिवाय कांहीं नाहीं. आणि हाताच्या कंपानें तो काळोखहि नाचत राहतो. दहापटीच्या वरची दुर्बीण टेकूशिवाय स्थिर धरणें बहुतेकांस साधत नाहीं. शक्ति कमीजास्त करतां येते अशा स्वस्त हातदुर्बिणीहि टाळाव्या. त्यांच्या दोन नळ्यांचें एकमेकींशीं जुळणें लवकर बिघडतें, आणि मग डोकें दुखूं लागतें.

येथें एक समजूत दूर केली पाहिजे. दुर्बीण अंधाराचा उजेड करीत नाहीं. कितीहि भारी किमतीचीं भिंगें असलीं तरी शेताचा तुकडा उघड्या डोळ्यांस दिसतो त्यापेक्षां तींतून अधिक उजळ दिसणें शक्य नाहीं. झाला तर थोडा उणाच. लाभ होतो तो आकाराचा. त्याच मंद उजेडांत वस्तु आठपट मोठी दिसल्यामुळें, जो काळा ठिपका होता त्याचे कान, पाठ व शेपूट वेगळीं ओळखूं येतात. चौपट व बत्तीस मिलिमीटरांची स्वस्त स्कोप आठ मिलिमीटरांची चकती देते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ती चकती कोणाच्याहि बाहुलीस जास्तच होते, व आकार मात्र चौपटच मिळतो. शिवाय स्कोपचें दर्शनक्षेत्र अरुंद असतें. शंभर यार्डांवर चौपट स्कोपमधून साधारण तीस फुटांची रुंदी दिसते. आठपट हातदुर्बिणींतून तितकी किंवा तिच्याहून थोडी अधिकच दिसते. म्हणजे जवळीक दुप्पट असून शेत कमी दिसत नाहीं, आणि दोन डोळ्यांनीं पाहिल्यानें मंद उजेडांत जो आणखी फायदा होतो तो निराळाच. स्प्रिंगच्या छर्‍याच्या बंदुकीचा धक्का मागेंपुढें असा दुहेरी बसत असल्यामुळें स्वस्त स्कोपचीं आंतील भिंगें त्यानें ढिलीं होतात, हाहि अनुभव पुष्कळांस आला असेल.

आतां भिंगांविषयीं. प्रत्येक भिंगाच्या पृष्ठभागावर, त्यावर कांहीं लेप नसल्यास, शेंकडा चार-पांच इतका उजेड परावर्तन होऊन वायां जातो. आणि हातदुर्बिणींत असे पृष्ठभाग दहाहून कमी क्वचितच असतात. हिशेबी वाचकानें स्वतःच मांडून पाहावें. तिसरा हिस्सा उजेड वाटेंतच नाहींसा होतो. या रोगावरील औषध जर्मनींतील झाइस कारखान्याच्या अलेक्झांडर स्माकुला यानें १९३५ सालीं काढलें. भिंगावर अति पातळ लेप चढवून त्यानें हें परावर्तन कमी केलें. आज जवळजवळ प्रत्येक दुर्बीण लेप असलेली असते, परंतु सर्व पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप असणें व एकाच पृष्ठभागावर दाखविण्यापुरता असणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. दुकानांत दिव्याखालीं दुर्बीण धरून भिंगांत दिव्याचें प्रतिबिंब पाहावें. तें फिकट हिरवें किंवा जांभळें व मंद दिसलें तर ठीक. पांढरें लख्ख दिसलें तर लेप नाहीं. पुढील भिंग माणकासारखें तांबडें चमकत असेल तर ती दुर्बीण कितीहि मोहक दिसो, खालीं ठेवावी. येणार्‍या उजेडांतील तांबडा भाग तें परत फेंकतें, आणि तिन्हीसांजेस आधींच अपुर्‍या असलेल्या उजेडांत ही उधळपट्टी परवडणारी नव्हे.

मग ती चकती पुन्हां पाहावी. ती वाटोळी व कडेपर्यंत सारखी उजळ असली म्हणजे आंतील लोलक चांगल्या कांचेचे. चकतीच्या कडा करड्या होऊन ती चौकोनी भासली तर कांच हलकी समजावी. दहा हजारांच्या आंतबाहेर खर्च करणारानें सरळ नळ्यांच्या सुबक दुर्बिणीपेक्षां जुन्या वळणाची, पुढील भिंगें डोळ्यांहून अधिक दूर असलेली, खांदे असलेली दुर्बीण घ्यावी. सरळ नळींतील लोलक नीट बनविण्यास खर्च फार येतो; त्यामुळें त्याच पैशांत खांद्यांची दुर्बीण अधिक चांगलें चित्र देते. चष्मा लावणारानें चष्म्यासकट पाहून खात्री करून घ्यावी. आणि शेवटीं, दुकानदार रस्त्यावरील उन्हांतली पाटी दाखवूं लागला तर तिच्याकडे न पाहतां दुकानाच्या मागील अंधार्‍या कोपर्‍यांतील खोक्यांवरचीं अक्षरें वाचून पाहावीं. उन्हांत सर्वच दुर्बिणी चांगल्या असतात.

बंदुकीवरच्या दुर्बिणीवर आमचा सर्वांत मोठा आक्षेप मात्र भिंगांचा नाहीं. ती दुर्बीण बंदुकीस जखडलेली असते. ‘तें काय आहे’ हें पाहण्यासाठींच जो मनुष्य ती डोळ्यास लावतो, त्याची नळी त्याच क्षणीं त्या वस्तूवर रोखलेली असते, आणि ओळख पटण्याच्या आधीं बोट घोड्यावर गेलेलें असतें. २०२५ च्या आरंभीं पालघर जिल्ह्यांत रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या टोळीच्या गोळीनें, डुक्कर समजून, त्यांचाच गांवकरी मेला, हें वृत्त वाचकांच्या स्मरणांत असेल. ज्वारींत सळसळणारें जें दिसतें तें डुक्कर असेल, शेजार्‍याचें वासरूं असेल, किंवा पाणी धरावयास आलेला आपला भाऊहि असेल. वीज रात्रींच मिळते अशा गांवीं रात्रीं शेतांत माणसें असणें हा नित्याचा प्रकार आहे. हातदुर्बिणीनें पाहून चूक झाली तर कोणाचें कांहीं जात नाहीं.

ओळख पटण्याचा दुसराहि एक व्यवहारी उपयोग आहे, आणि महसुलाच्या कागदांत आयुष्य घालविल्यामुळें त्याविषयीं चार शब्द अधिक लिहिण्याचा अधिकार आम्ही घेतों. वन्य प्राण्यांनीं केलेल्या पीकनुकसानीची भरपाई सरकारांतून मिळते. गांवच्या मोकाट गुरांनीं खाल्लेल्याची मिळत नाहीं. पंचनाम्याच्या वेळीं ‘जनावरानें खाल्लें’ असा मोघम जबाब देणारा शेतकरी आपल्याच हातानें आपला दावा पातळ करितो. कोणत्या तारखेस, किती वाजतां, कोणत्या बाजूनें, किती डुकरें शिरलीं, हें जो सांगूं शकतो व वहींत लिहून ठेवतो, त्याच्यापुढें पंचनामा करणाराची लेखणी सरळ चालते. डुक्कर जमीन उकरतें, रोही शेंडे खुडतो, गुरांचे खूर निराळे उमटतात. दुर्बिणींतून पाहिलेलें आणि सकाळीं मातींत उमटलेलें एकमेकांशीं जुळलें म्हणजे वादास जागा उरत नाहीं. पाहिलेल्या दिवशींच अर्ज द्यावा. दंव व पाऊस ठसे राखून ठेवीत नाहींत.

दुर्बीण वापरण्याचीहि रीत आहे. डोळ्यांस अंधाराची पुरती सवय होण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एक नजर टाकल्यानें ती सवय मोडते. म्हणून दिवेलागणीच्या आधींच जाऊन बसावें, वही पाहण्यास तांबडी मंद बत्ती बाळगावी. गडद अंधारांत वस्तूच्या नेमकें मध्यावर न पाहतां किंचित् बाजूस पाहावें. डोळ्याचा मध्यभाग रात्रीं आंधळा असतो व कडेचा जागा. डुकराची नजर कच्ची पण नाक तीक्ष्ण, म्हणून वारा आपल्या तोंडावर येईल अशी जागा धरावी. शुक्ल पक्षांतील उत्तरार्धाच्या रात्रीं दुर्बीण बरेंच काम देते. अमावास्येच्या आसपास संध्याकाळची व पहाटेची घटकाभरच.

विजेवर चालणार्‍या रात्रदुर्बिणी हल्लीं पुष्कळ निघाल्या आहेत. उष्णता दाखविणारीं चांगलीं यंत्रें अद्याप लाखाच्या घरांत जातात. स्वस्त यंत्रें बॅटर्‍या खातात व थोड्याच अंतरापलीकडे निरुपयोगी ठरतात. एकट्या शेतकर्‍यानें त्यांच्या नादीं लागूं नये. सोसायटीनें एखादें घेऊन आळीपाळीनें द्यावें, ही गोष्ट निराळी.

घेतलेली दुर्बीण धोतराच्या सोग्यानें पुसूं नये. शेतांतील धूळ म्हणजे बारीक वाळूच; ती भिंगावर घासली गेली कीं लेप ओरखडतो. आधीं मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी, मग स्वच्छ मऊ सुती कापडानें हलक्या हातानें पुसावें. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणपट्टींत व घाटमाथ्यावर, भिंगांवर आंतून बुरशी चढते व ती काढण्याचा खर्च दुर्बिणीच्या किमतीशीं स्पर्धा करितो. घट्ट झांकणाच्या डब्यांत ओल शोषून घेणार्‍या सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावी, त्या पुड्या महिन्यांतून एकदां तापवून कोरड्या कराव्या, आणि ऊन पडेल त्या दिवशीं दुर्बीण तासभर ओसरीवर हवेशीर सावलींत काढून ठेवावी.