जेवढे हात, तेवढीच टेबले

यंदा अधिक मासामुळे दिवाळी लांबली आहे. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे आणि छठचे संध्याकाळचे अर्घ्य 15 नोव्हेंबरला. 6 नोव्हेंबरला सुटणाऱ्या गाड्यांचे आरक्षण 7 सप्टेंबरला सकाळी 8 वाजता उघडेल. त्या सकाळी तुमच्या भटारखान्यातली निम्मी मुले इडलीचे भांडे गॅसवर ठेवून मोबाइलकडे बघत उभी असतील. पाटणा, दानापूर, गोरखपूर, छपरा, जिथे तिकीट मिळेल तिथले घ्यायचे आणि पुढे बसने जायचे. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आणली. त्यामुळे आपल्या धंद्यात एक गोष्ट सोपी झाली आहे: कोण कधी जाणार हे बरोबर दोन महिने आधी, ठरलेल्या दिवशी विचारता येते. तरीही दरवर्षी नोव्हेंबरात मालक मंडळींचा एकच सूर असतो, "अचानक पोरं निघून गेली."

यात अचानक काही नसते. छठ दरवर्षी येते. बंगालकडची मुले दुर्गापूजेला जातात, नेपाळची दशैंला, ओडिशाची जूनमध्ये रजोत्सवाला, आणि कोकणातला मुलगा गणपतीला जातो. गणपतीला जाणाऱ्याला आपण नावे ठेवत नाही. त्याची सुट्टी गृहीत धरतो. छठला जाणाऱ्याच्या बाबतीत मात्र त्याने धंद्याला दगा दिला असे बोलले जाते. हे बोलणे आधी थांबायला हवे. आणि जाणाऱ्याच्या हातात जायच्या तिकिटाबरोबरच परतीचेही तिकीट हवे, तेही मालकाने काढलेले. 20 नोव्हेंबरच्या गाड्या 21 सप्टेंबरला उघडतात. परत येण्यासाठी पगार अडकवून ठेवण्याची जी जुनी रीत आहे, तिने माणूस परत येत नाही. तो दुसऱ्या हॉटेलात लागतो आणि आपल्या हॉटेलाविषयी गावात काय सांगायचे ते सांगतो.

पण या अंकात मुख्यतः सांगायचे आहे ते त्या दोन-तीन आठवड्यांविषयी, जेव्हा माणसे नसतात आणि गिऱ्हाईक मात्र नेहमीपेक्षा जास्त असते. महाबळेश्वर, अलिबाग, लोणावळा, हमरस्त्यावरची सगळी हॉटेले दिवाळीच्या सुट्टीत भरून वाहतात. शहरात खरेदीला निघालेली कुटुंबे असतात. आणि त्याच दिवसांत चाळीस मिनिटे झाली तरी पाण्याचा ग्लास टेबलावर आलेला नसतो. आपण म्हणतो, माणसे कमी आहेत म्हणून सर्व्हिस मंदावली. आमचे म्हणणे असे की सर्व्हिस मंदावते ती मालकाच्या एका निर्णयाने. निम्मे हात असताना सगळी टेबले भरण्याचा तो निर्णय. तो कोणी विचार करून घेत नाही, म्हणूनच तो दरवर्षी घेतला जातो.

उशीर नेमका कुठे होतो ते एकदा काउंटर सोडून, हॉलमध्ये उभे राहून पाहावे. बहुतेक मालकांचा संशय भट्टीवर असतो. वस्ताद हळू झाला, नवा मुलगा तव्यावर आहे, वगैरे. प्रत्यक्षात पहिला खोळंबा उष्ट्या टेबलावर होतो. गावी जाणाऱ्यांत फडका मारणारी आणि मोरीवर बसणारी मुले सर्वांत आधी जातात, कारण त्यांची भरती ठेकेदाराच्या हाताने झालेली असते आणि त्यांना थांबवणारे काही नसते. मग वेटरच टेबल पुसतो. तो टेबल पुसत असताना शेजारच्या तीन टेबलांवर कोणी फिरकत नाही. थोड्या वेळाने तो चारही टेबलांच्या ऑर्डरी एकदम घेतो आणि केओटी (भटारखान्यासाठीची ऑर्डरची चिठ्ठी) एकदम मारतो. तव्यापाशी चार-पाच मिनिटे शांतता असते आणि मग एका दमात चौदा डोशांची चिठ्ठी येते. तव्याची ताकद तेवढीच असते; काम तुकड्यांनी आले असते तर ते निघाले असते. झुंडीने आले की शेवटच्या डोशाला पंचवीस मिनिटे लागतात. मग तयार झालेले पदार्थ खिडकीत पडून राहतात, कारण उचलायला हात नाही. पुऱ्या बसतात, डोसा मऊ पडतो, गिऱ्हाईक परत पाठवते, तो पुन्हा करावा लागतो आणि तव्यावरची रांग आणखी लांबते. दरम्यान मोरीत भांड्यांचा डोंगर झालेला असतो, सांबाराच्या वाट्या संपलेल्या असतात, आणि तयार इडली वाटीसाठी थांबते. सगळ्यात शेवटी बिल. जेवून झालेले गिऱ्हाईक बिलासाठी पंधरा मिनिटे बसते आणि बाहेर उभी असलेली चार माणसे त्याच्याकडे रागाने बघतात.

म्हणजे भटारखाना मधे आहे आणि खोळंबा दोन्ही टोकांना आहे. म्हणून माणसे कमी असतील तेव्हा पहिला माणूस मोरीवर आणि दुसरा माणूस टेबल उचलण्यावर हवा. वेटर कमी असला तर चालवून घेता येईल, पण स्वच्छ ताट नसेल तर काहीच चालत नाही. एक माणूस फक्त बिलावर ठेवा, तो मालक स्वतः असला तरी हरकत नाही. गल्ल्यावर बसून हॉलकडे ओरडण्यापेक्षा कार्डाचे मशीन घेऊन टेबलापर्यंत जाणारा मालक त्या दिवशी जास्त कमावतो.

आता हिशेब. एक जुना नियम आहे, जॉन लिटल यांनी 1961 मध्ये तो सिद्ध केला: एका वेळी आत असलेली गिऱ्हाइके म्हणजे तासाला येणारी गिऱ्हाइके गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. आपल्या भाषेत, टेबल किती लवकर मोकळे होते यावर धंदा ठरतो. समजण्यापुरते आकडे घेऊ. तुमची 24 टेबले आहेत आणि एरवी एक टेबल 45 मिनिटांत मोकळे होते. म्हणजे तासाला 32 टेबलांचा धंदा. निम्मी माणसे गेली आणि तुम्ही 24 च्या 24 भरलीत, तर तेच टेबल 80 मिनिटे अडकते. तासाला 18 टेबले. आता त्यातली आठ टेबले मिटवून ठेवा, मेनू कार्डही कापा, आणि उरलेली 16 टेबले 48 मिनिटांत मोकळी करा. तासाला 20 टेबले. कमी टेबलांवर जास्त बिले फाटतात, आणि जेवून बाहेर पडणारा माणूस परत येण्याच्या मनःस्थितीत असतो. तुमच्या हॉटेलाचे आकडे वेगळे असतील. पण ते काढले आहेत का, हा आमचा प्रश्न आहे. गल्ल्यातली रक्कम रोज मोजणारे आपण टेबल किती मिनिटे अडकले ते कधीच मोजत नाही.

रिकामे टेबल बघवत नाही, हे आम्हाला समजते. भाडे त्या टेबलाचेही भरलेले असते. बाहेर रांग आणि आत आठ टेबले उलटी, हे दृश्य गिऱ्हाइकालाही पटत नाही, ते विचारते, "ती जागा आहे की!" त्यावर कॅप्टनने सरळ उत्तर द्यावे: तिथे बसवले तर तुम्हाला नीट वाढता येणार नाही. आणि शक्य असेल तर ती टेबले हॉलमधून उचलूनच ठेवावीत. दिसत नाही त्यावरून वाद होत नाही.

कार्ड कापण्याची रीतही बहुतेक ठिकाणी चुकते. कमी खपणारे पदार्थ काढले जातात. त्याने भटारखान्यावरचा भार फारसा हलका होत नाही, कारण ते पदार्थ मुळातच कमी केले जात होते. कापायचे ते ठिकाणाप्रमाणे. तंदूरचा उस्ताद गावी असेल तर तंदूर बंद, हेल्परला भट्टीवर उभे करून करपलेली रोटी द्यायची नाही. चायनीजच्या कढईवर माणूस नसेल तर ते पूर्ण पान झाकायचे. दोन ठिकाणे पूर्ण ताकदीने चालवली तर ती पाच लंगड्या ठिकाणांपेक्षा चांगली चालतात. पार्सलचेही तेच. हॉल भरलेला असताना झोमॅटो, स्विगीवरचे पदार्थ एकेक करून बंद करता येतात, सगळे आउटलेटही काही वेळ थांबवता येते. ते बटण दाबायला हात धजावत नाही आणि तव्यावर मात्र हॉलचे नि पार्सलचे डोसे एकमेकांना अडवत असतात.

कमी हातांत नीट वाढणे हे आपल्या धंद्याला नवे नाही. माटुंग्याचे रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून चालू आहे. तिथे आधी कूपन, मग रांग, मग केळीच्या पानावर ठरलेले जेवण. ऑर्डर घ्यायलाच नको, म्हणून वाढणारा फक्त वाढतो. बंगळुरूत 1980 च्या दशकात दर्शिनी सुरू झाल्या: आधी पैसे, मग काउंटरवरून स्वतः घ्यायचे, उभ्याने खायचे. वेटर हा घटकच त्यांनी काढून टाकला आणि चव तिथेच ठेवली. बसून खायला आलेल्या कुटुंबाला दर्शिनी देऊन चालणार नाही, हे खरे. पण दिवाळीच्या पंधरवड्यात दुपारी 12 ते 3 फक्त थाळी, असे एक पाऊल कुठल्याही मध्यम हॉटेलाला टाकता येते. आणि आपण ते एकदा टाकलेही आहे. 1 मे 2020 पासून श्रमिक गाड्या सुटल्या, मुले गेली, आणि 5 ऑक्टोबरला सरकारने निम्म्या आसनांवर हॉटेले उघडायला परवानगी दिली. त्या हिवाळ्यात किती तरी मालकांनी एका पानाचे कार्ड आणि निम्मी टेबले घेऊन हॉटेल चालवले. धंदा मंदीत होता, पण जे गिऱ्हाईक आले त्याला वेळेवर वाढले गेले. सक्ती उठली आणि आपण ती शिस्तही सोडून दिली.

गिऱ्हाइकाशी काय बोलायचे, याकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते. थांबण्याच्या मानसिकतेवर डेव्हिड मायस्टर यांनी 1985 मध्ये जे लिहिले ते आजही प्रत्येक कॅप्टनला वाचून दाखवावे असे आहे. काही न करता थांबलेला वेळ लांब वाटतो. किती वेळ हे माहीत नसेल तर तो आणखी लांब वाटतो. कारण सांगितले नाही तर आणखी. आणि काम सुरू होण्याआधीचे थांबणे हे सुरू झाल्यानंतरच्या थांबण्यापेक्षा जड जाते. म्हणून बसल्याबसल्या पाणी आणि पहिली ऑर्डर, एवढे दोन मिनिटांत झालेच पाहिजे; मग जेवणाला वीस मिनिटे लागली तरी माणूस शांत राहतो. लहान मूल बरोबर असेल तर त्याच्यासाठी इडली किंवा दहीभात आधी, न विचारता. आणि दारातच वेळ सांगायची, खरी. "पाच मिनिटं" आणि "आत्ता आणतो" हे दोन शब्दप्रयोग आपल्या मुलांच्या तोंडातून काढायला हवेत. अर्धा तास लागणार असेल तर अर्धा तास म्हणा. काही लोक जातील. त्यांना शेजारच्या हॉटेलात चांगले जेवण मिळेल, आणि तुम्ही खरे सांगितलेत हे त्यांच्या लक्षात राहील. भिंतीवर "कर्मचारी कमी आहेत, सहकार्य करा" असा कागद चिकटवणे आम्हाला पसंत नाही. आपली अडचण गिऱ्हाइकाच्या माथी मारून पूर्ण पैसे घेणे हे यजमानाचे काम नव्हे. अडचण असेल तर कमी लोकांना वाढा.

आता मागे राहिलेल्यांविषयी. छठला न गेलेला मुलगा त्या दोन आठवड्यांत चौदा-चौदा तास उभा असतो. त्याची आठवड्याची सुट्टी सर्वांत आधी कापली जाते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट दर, दोन्ही स्पष्ट लिहिलेले आहे. किती हॉटेलांत ते पाळले जाते, हे आपणा सर्वांना माहीत आहे. थकलेला वेटर गिऱ्हाइकावर खेकसतो, गिऱ्हाईक त्याच्यावर ओरडते, मालक दोघांसमोर वेटरला झापतो. तो मुलगा डिसेंबरचा पगार घेऊन जानेवारीत जातो, आणि मग जी टंचाई होते तिला कुठलाही सण कारण नसतो. सगळी टेबले भरण्याची खरी किंमत ती आहे. आणि एक गोष्ट कठोरपणे सांगायला हवी. माणसे नाहीत म्हणून कोणाचा तरी बारा-तेरा वर्षांचा भाऊ "चार दिवस मदतीला" टेबल पुसताना दिसतो. 10 ऑक्टोबर 2006 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात आणि ढाब्यावर कामाला ठेवायला बंदी आहे. आमच्या वाचकांत असे करणारा कोणी असेल तर त्याच्या बाजूने हे मासिक एक ओळही लिहिणार नाही.

मुंबईतल्या उडुपी हॉटेलांच्या पहिल्या पिढीत टेबल पुसणारी पोरे संध्याकाळी कन्नड रात्रशाळेत जात. त्यांतली कितीतरी पुढे गल्ल्यावर बसली, काहींनी स्वतःची हॉटेले काढली. फडक्यापासून गल्ल्यापर्यंत जिना होता, म्हणून गावाहून पुतण्या-भाचे येत राहिले. आजच्या बिहारी किंवा ओडिया मुलाला आपल्या हॉटेलात वरची पायरी कुठे दिसते? माळ्यावर झोपायचे, ठेकेदाराला कमिशन द्यायचे, आणि पाच वर्षांनी पुन्हा तिथेच. त्यावर पुढे सविस्तर अंक काढायचा आहे.

त्याआधी एक विनंती. 5 ते 20 नोव्हेंबरच्या दरम्यान, निदान दोन रविवारी, दहा टेबलांच्या वेळा लिहून ठेवा: कधी बसले, कधी पाणी, कधी ऑर्डर, कधी पहिले ताट, कधी बिल मागितले, कधी उठले. त्या दिवशी हॉलमध्ये किती माणसे होती आणि किती टेबले मांडली होती तेही लिहा. कागदाचा फोटो काढून पाठवलात तरी चालेल. हॉटेलांची नावे न घालता आम्ही ते सगळे तक्ते जानेवारीच्या अंकात छापू.