सिगरेट सुटेल, मनही सावरेल

"डॉक्टर, तेवढी एक सिगरेटच माझं डोकं ठिकाणावर ठेवते. ती कशी सोडू?" मनोविकारतज्ज्ञांना हे वाक्य वारंवार ऐकावे लागते. छातीत धडधड, रात्री झोप नाही, गर्दीत जाताना हातपाय गार पडतात, अशा चिंतारोगाच्या माणसाला कॅन्सरची आणि हृदयविकाराची धास्ती घातली, तर तो घाबरून आणखी एक सिगरेट पेटवतो. घरचेही मग म्हणतात, "आधीच त्याच्या जिवाला घोर आहे, तेवढं राहू दे." या बोलण्यामागची माया समजण्यासारखी आहे. पण ती ज्या समजुतीवर उभी आहे, ती समजूत चुकीची आहे.

शांत होते ते काय?

झुरका घेतल्यावर काही सेकंदांतच निकोटीन मेंदूत पोहोचते आणि बरे वाटते, हे खोटे नाही. परंतु सुमारे दोन तासांत रक्तातले निकोटीन निम्म्यावर येते. मग चिडचिड, अस्वस्थता, कामात लक्ष न लागणे सुरू होते. ही लक्षणे थेट चिंतारोगासारखीच असल्याने माणसाला वाटते, आपला आजार उफाळला. तो सिगरेट ओढतो, तलफ भागते, लक्षणे जातात आणि श्रेय सिगरेटला मिळते. वास्तविक ही अस्वस्थता बऱ्याच अंशी मागच्या सिगरेटनेच आणलेली असते. सावकाराने आपणच चढवलेल्या व्याजात थोडी सूट द्यावी आणि कर्जदाराने त्याचे उपकार मानावेत, तसाच हा प्रकार!

2014 साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण हे ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले त्यात आढळले. विशेष म्हणजे, ज्यांना आधीपासून मनोविकार होता त्यांच्यातही हेच दिसले.

पहिले चार आठवडे

अर्थात, सुरुवातीचा काळ सोपा नसतो. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. नंतर त्रास हळूहळू ओसरतो आणि बहुतेकांच्या बाबतीत तीन-चार आठवड्यांत निवळतो. म्हणून आजार जोरात असताना, घरात लग्नकार्य असताना किंवा बदलीच्या धामधुमीत सुरुवात करू नये. जरा निवांत आठवडा बघून दिवस ठरवावा. तलफ एका वेळी काही मिनिटेच टिकते. तेवढ्यात गार पाणी प्यावे, गच्चीवर चार फेऱ्या माराव्यात, सावकाश श्वास घ्यावा, तोंडात लवंग किंवा वेलदोडा ठेवावा.

एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. सिगरेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतले कॅफीन भराभर संपवत असते. सिगरेट थांबली की हा वेग मंदावतो. तेच चार कप चहा आता जास्त चढतात. धडधड होते, हात थरथरतात, झोप उडते आणि दोष दिला जातो सिगरेट सोडण्याला! त्या दिवसांत चहा-कॉफी निम्म्यावर आणावी आणि संध्याकाळनंतर घेऊच नये. चहाबरोबरच सिगरेट ओढायची सवय असेल, तर त्याचा दुहेरी फायदा होतो.

डॉक्टरांना आधी सांगा

हाच नियम मनोविकारावरच्या काही औषधांनाही लागू पडतो. विशेषतः क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही औषधे धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातून लवकर निघून जातात. सिगरेट बंद झाल्यावर त्याच मात्रेत रक्तातले औषध काही दिवसांत वाढते. झोपाळूपणा येतो, क्लोझापिनच्या बाबतीत फिट येण्याचाही धोका असतो. निकोटीनचा पट्टा लावला किंवा च्युइंगगम चघळले तरी हा फरक पडतोच, कारण तो निकोटीनमुळे नव्हे, धुरामुळे होत असतो. तेव्हा सोडण्याचा दिवस ठरला की उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी कळवावे. मात्रा कमी करायची की नाही, हे त्यांनी ठरवायचे. स्वतःच्या मनाने गोळ्या कमी करू नयेत, बंद तर मुळीच नाहीत.

सिगरेट सोडवणाऱ्या गोळ्यांनी डोके फिरते, असा धसका अनेकांनी घेतलेला असतो. 2016 साली 'लॅन्सेट'मध्ये आठ हजारांहून अधिक लोकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या निम्म्यांना मनोविकार होता, पण त्यांची प्रकृती स्थिर होती. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्यांनी मानसिक त्रासात लक्षणीय वाढ झाल्याचे त्या चाचणीत दिसले नाही. मात्र ज्यांना फिट येतात त्यांना ब्युप्रोपिऑन चालत नाही. म्हणून कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

घरच्यांनी काय करावे?

रोज संध्याकाळी "आज ओढलीस का?" अशी उलटतपासणी घेऊ नये. पहिल्या पंधरवड्यातले वाकडे बोलणे मनावर घेऊ नये. घरातला अ‍ॅशट्रे आणि लायटर काढून टाकावा. घरात आणखी कोणी ओढत असेल, तर त्याने निदान समोर पेटवू नये. एखादे दिवशी तोल गेला, तर "तुला जमणारच नाही" असे म्हणू नये. बहुतेकांना एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावा लागतो.

एवढे मात्र ध्यानात असू द्यावे. महिना उलटूनही उदासी हटत नसेल, तर तो तलफेचा त्रास समजून अंगावर काढू नये. जगणे नकोसे झाल्याची भाषा निघाली, तर एक दिवसही थांबू नये. तत्काळ डॉक्टर गाठावेत. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा क्रमांक 14416 आहे. तंबाखू सोडण्यासाठी सल्ला 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर मिळतो. दोन्ही फोन मोफत आहेत. हे क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत.