कर्ज कोणाचे, जमीन कोणाची?

परदेशी मदतीचा विषय निघाला की आपल्याकडे देणारा आणि घेणारा अशा दोनच पक्षांचा विचार होतो. व्याजाचा दर, परतफेडीची मुदत आणि राष्ट्राचा स्वाभिमान यांवर पुष्कळ शाई खर्च होते. ज्याच्या शेतात त्या पैशाचे पाणी शिरणार, तो तिसरा माणूस करारावर सही करीत नाही. म्हणून हिशेबातही धरला जात नाही. मानवी हक्कांचा प्रश्न सुरू होतो तो या तिसऱ्या माणसापाशी.

१९८५ साली जागतिक बँकेने सरदार सरोवर प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. नर्मदाकाठची महाराष्ट्रातील ३३ गावे या धरणाच्या बुडित क्षेत्रात येत होती. तेथील आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनी कसत आले, त्यांपैकी कित्येक सरकारदप्तरी वनखात्याच्या. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून कसणारा ‘अतिक्रमक’! वास्तविक, परंपरेने वहिवाटलेल्या जमिनीवर आदिवासींची मालकी मान्य करणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५७ चा करार भारताने १९५८ सालीच स्वीकारला होता. दिल्लीने तो मान्य केलेला, वॉशिंग्टनला तो ठाऊक. परंतु अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीच्या शेतकऱ्यास त्याचा आधार मिळाला नाही. हा दोष बँकेनेच नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स समितीने जून १९९२ मध्ये स्पष्टपणे दाखविला आणि बँकेने मागे सरून फेरविचार करावा, असा सल्ला दिला. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले. धरण पुढे आपल्याच पैशाने उभे राहिले.

परक्या सावकाराने आमच्या कारभारात ढवळाढवळ का करावी, हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. हक्कांची भाषा बलाढ्य राष्ट्रे सोयीनुसार वापरतात, हे खरेच आहे. १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत विकासाच्या हक्काची घोषणा संमत झाली, तेव्हा विरोधी मत एकट्या अमेरिकेने दिले होते! पण नर्मदेच्या बाबतीत अट परक्याची नव्हती. वचन आपलेच होते. ते पाळले जाते की नाही हे न पाहता पैसे मोजणारा सावकार त्या वचनभंगात भागीदार ठरतो.

बँकेने १९९३ साली तपासणी मंडळ स्थापिले व पीडितांना थेट तक्रारीची वाट दिली. मात्र हे मंडळ अहवाल देते. भरपाईचा हुकूम देऊ शकत नाही. न्यायालयाचा मार्गही बिकटच. मुंद्र्याच्या वीजप्रकल्पाविरुद्ध कच्छच्या मच्छीमारांनी आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळावर अमेरिकेत दावा लावला. अशा संस्थांना सरसकट अभय नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला; परंतु दाव्याचे मूळ भारतात घडलेल्या कृत्यांत आहे, या कारणावरून तो पुढे खालच्या न्यायालयांत टिकला नाही.

आता भारत केवळ ऋणको राहिलेला नाही. निर्यात-आयात बँकेमार्फत आपण आफ्रिकेतील आणि शेजारच्या राष्ट्रांना कर्जे देतो. तेथेही कोठेतरी एखादे मणिबेली असेल. जमीन कोण कसतो, याची कागदापलीकडे जाऊन केलेली नोंद आणि तक्रार ऐकून भरपाई देऊ शकणारी यंत्रणा, या दोन्ही गोष्टी पहिला हप्ता सुटण्यापूर्वी प्रत्येक करारात असल्या पाहिजेत. अर्थमंत्रालयाने तसा नियम करावा आणि संसदेसमोर ठेवावा.