गळा स्वतःचा, बाजार परक्याचा

वामनदादा कर्डक (१९२२-२००४) स्वतः गीते रचीत आणि स्वतःच गात. नागपूरच्या दीक्षाभूमीवर जमणाऱ्या जनसमुदायाने त्यांची गाणी पिढ्यान्‌पिढ्या कंठात जपली. आज नागपुरातील एखादा तरुण घरच्या संगणकावर गीत रचतो, गातो, ध्वनिमुद्रण करतो, आवाजांची जुळणीही करतो. त्याला ‘स्वतंत्र कलावंत’ म्हणतात. हे स्वातंत्र्य कितपत खरे?

याच शहरातील कोष्टी विणकराचा माग त्याच्या मालकीचा असे. परंतु सूत आणि विक्री व्यापाऱ्याच्या हाती असल्याने मजुरीही व्यापारीच ठरवी. या गायकाची स्थिती निराळी नाही. गळा त्याचा, श्रम त्याचे. मात्र श्रोत्यांपर्यंत जाण्याची वाट मूठभर बड्या कंपन्यांच्या ताब्यात आहे. एका श्रवणाचा मोबदला त्याला विचारून ठरत नाही.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा प्रथम मालक निर्माता ठरविला. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनात समान वाट्याचा हक्क दिला. पण एकाकी माणसाला कागदावरचा हक्क वसूल करता येत नाही. त्यासाठी संघटनाच हवी.

येथे समाजवादी चळवळीनेही आत्मपरीक्षण करावे. सभेपूर्वी गर्दी जमविणाऱ्या शाहिराला हार आणि चहा देऊन निरोप देणे, हे श्रमाचे मोल नव्हे. कलावंत हाही श्रमिक आहे, हे मान्य असेल तर त्याचे मानधन सभेच्या खर्चात प्रथम लिहिले जावे.