जुने ते सोने, पण नाव कोणाचे?

नव्या मोटारीचा भाव चढला की जुनीचाही चढतो, हा बाजाराचा साधा नियम. पण पुण्या-मुंबईत त्याचा अर्थ वेगळा आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत वेगळा. तिथे छोटी, चपळ मोटार ही बहुधा तरुणाची हौस असते. इथे तीच मोटार अडल्यानडल्याला बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवते, लग्नसराईत वऱ्हाड नेते आणि पेरणीच्या दिवसांत बियाण्याची पोतीही वाहते. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला, आणि सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे २०० किलोमीटर दूर. अशा मुलखात दाराशी चारचाकी असणे ही चैन म्हणता येत नाही. म्हणूनच जुन्या मोटारीच्या भावाची चर्चा मला घरसंसाराची चर्चा वाटते.

जुन्या मालाला नव्याचा भाव येणे आपल्याला नवीन नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा तिची किंमत सुमारे ४८ हजार रुपये होती. मागणी अफाट आणि पुरवठा तोकडा, त्यामुळे नंबर लागण्याची वाट पाहावी लागे आणि वापरलेल्या गाडीवरही वरकड पैसे मोजले जात. वस्तू टिकाऊ आहे म्हणून महाग होते असे नाही, मिळत नाही म्हणून महाग होते, हा धडा तेव्हाचाच.

आज तो धडा ज्यांना 'हॉट हॅचबॅक' म्हणतात त्या दमदार छोट्या मोटारी पुन्हा शिकवत आहेत. २०१३ साली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय सुमारे ८ लाखांना बाजारात आली. २०२२ मध्ये पोलोचे इथले उत्पादनच थांबले. तेव्हापासून नीट राखलेली पोलो हौशी मंडळी शोधत फिरतात. दरम्यान २०२१ मध्ये ह्युंदाईची आय-२० एन लाइन आणि २०२४ मध्ये टाटांची अल्ट्रोझ रेसर आली, त्यांची सुरुवातच साडेनऊ-पावणेदहा लाखांच्या घरात. आणि २०२५ मध्ये परदेशातून आणलेल्या गोल्फ जीटीआयची किंमत निघाली ५३ लाख! त्या रकमेत आमच्याकडे एखाद्याचे घर बांधून, वर लेकीचे लग्नही होईल.

भाववाढीला केवळ कंपन्यांचा लोभ कारणीभूत आहे, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. २०१९ मध्ये चालकासाठी एअरबॅग आणि ब्रेक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष आले. २०२१ मध्ये शेजारच्या आसनालाही एअरबॅग लागली. हे सगळे खर्चिक आहे, पण ते प्राणाचे मोल आहे. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय छोट्या मोटारींची टक्कर-चाचणी घेतली. तीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले, आणि दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोला चार! म्हणजे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जुन्या गाड्यांत केवढे अंतर! कोळशाच्या आणि लोहखनिजाच्या अवजड ट्रकांसोबत ज्यांना रस्ता वाटून घ्यायचा आहे, त्यांनी चकचकीत रंगाआधी हे पाहावे.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी चक्र थोडे उलटे फिरले. चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोलवर १२०० सीसीपर्यंतच्या छोट्या मोटारींवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीला चढा भाव कोण देणार? नवी घेणाऱ्याला आनंद झाला, पण त्याआधी काही महिने कर्ज काढून जुनी गाडी घेतलेल्याची मालमत्ता एका रात्रीत हलकी झाली, हप्ता मात्र तेवढाच राहिला. जुन्या मोटारीकडे गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. सोन्याला गंज लागत नाही, पत्र्याला लागतो.

वयाचाही हिशेब आहे. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार झाले, आणि २० वर्षांपुढच्या मोटारीला २०२५ मध्ये ते १० हजार झाले. शिवाय पर्यावरण कर आणि तंदुरुस्तीची तपासणी वेगळी. स्वस्तात मिळालेली चौदा वर्षांची गाडी वर्षभरात किती महाग पडेल, हे घेण्याआधीच कागदावर मांडावे.

पण माझ्या मते खरा धोका भावात नाही, नावात आहे. आपल्याकडे व्यवहार ओळखीवर होतो. कोऱ्या फॉर्मवर सही, हातात रोख आणि वर "नावावर करून घेऊ सावकाश" एवढे आश्वासन. गाडी मग एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात जाते, आरसी बुकावर नाव मात्र पहिल्याचेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितले, की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याची. अर्थात अहेरीच्या मास्तरांनी विकलेली गाडी पुढे कोणीही, कुठेही ठोकली, तरी दाव्याची नोटीस मास्तरांच्या दारात येऊ शकते. विम्याची मुदत संपलेली असेल तर निवृत्तीची पुंजी त्यात जाईल.

उपाय अवघड नाही. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवावे, घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यावे, विमाही आपल्या नावावर करावा. कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद मागावा. दलालामार्फत व्यवहार असेल तर तो नोंदणीकृत आहे का हे विचारावे, कारण १ एप्रिल २०२३ पासून तसा नियम आहे आणि गाडी ताब्यात घेतल्याची सूचना देणे त्याचे कर्तव्य आहे.

भाव आज चढेल, उद्या उतरेल. आपल्यासारख्या दूरच्या जिल्ह्यांत जुनी मोटार घरात येणारच, आणि यावीही. मात्र किल्ली हाती पडली त्याच आठवड्यात नावाचा कागदही आरटीओत पडू द्या. ओळखीच्या माणसाकडून तेवढे करून घेण्यात संकोच कसला?